तांबं ओळखणारे मणी

मी काय काम करते हे आमच्या घरात कुणालाच कधी नीट समजलं नाही. भाऊ म्हणायचा, "ताई पान्याचं कायतरी बघती." आई विहारात वंदना झाल्यावर बायकांना सांगायची, "माझी लेक मणी बनवती," आणि बायका हमखास माझ्या गळ्याकडे बघायच्या. एकीनं तर मला पुढच्या खेपेला येताना तिच्या सुनेसाठी चांगलेसे मणी आणायला सांगितलं होतं. मी चिडायचे. चिडायचं कारण एवढंच की आई म्हणत होती ते खरंच होतं.

मी मणीच बनवते. कोळंबीच्या टरफलांपासून एक पदार्थ काढतात, त्याचे साबुदाण्याएवढे पांढरे मणी. ते बनवताना त्यात आम्ही मुद्दाम तांबं घालतो आणि मणी घट्ट झाले की तेच तांबं आम्लानं धुऊन काढतो. आत रिकाम्या जागा राहतात, नेमक्या तांब्याच्या मापाच्या. पुढे असा मणी पाण्यात टाकला की पाण्यात लोखंड असो, जस्त असो, चुना असो, तो ढिम्म हलत नाही. तांबं असलं की ओढून घेतो आणि पांढऱ्याचा निळा होतो. तांबं ओळखायचं कामही त्याचंच आणि काढून घ्यायचंही त्याचंच. ज्या आईनं जन्मात समुद्र पाहिला नाही तिला मी हे एकदा सगळं समजावून सांगितलं होतं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग हाताला वास येत असंल की गं?"

वैशाखात भावाचा फोन आला. तो एरवी फोनवर आधी माझी थट्टा करतो, मग कामाचं बोलतो. त्या दिवशी थट्टा नव्हती.

"ताई, तुझे ते मणी घेऊन ये. मावशीच्या मेंढ्या मरायल्यात आन माझ्यावर आलंय."

मावशी म्हणजे आमच्या नात्यातली नव्हे. ती धनगराची. आमचे वडील एसटीत चालक होते. आम्ही शाळेत असताना त्यांनी पाटोदा आणि शिरूर कासारच्या मधल्या माळावर जमीन घेतली, तेव्हापासून मावशीचा कळप आमच्या शेतात बसतो. मेंढ्या रानात बसवायच्या म्हणजे रात्रभर त्यांना तिथं ठेवायचं, लेंड्या पडतात, रान पिकतं. पहिल्या वर्षी आमच्या शेतातल्या माठाकडे आजूबाजूचं कुणी वळत नव्हतं. तहान लागली तर माणसं पार ओढ्यापर्यंत चालत जायची पण आमच्या माठाला हात लावायची नाहीत. मावशी आली, माठावरचं झाकण काढलं, तांब्या बुडवला आणि घटाघटा प्याली. कुणी बघतंय का हे तिनं बघितलं नाही. वडील जाईपर्यंत त्या एका तांब्याची गोष्ट सांगत राहिले. त्यामुळे मावशीच्या मेंढ्यांचं आणि आमचं नातं काय हे मला कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

मावशीच्या कळपात एक मेंढी होती, घंटीवाली. ती जन्मली त्याच दिवशी तिची आई मेली. मावशीनं तिला बाटलीनं शेळीचं दूध पाजलं, पावसात पदराखाली घेतलं, चालायला लागली तशी ती मेंढ्यांपेक्षा माणसांच्याच मागे जास्त फिरायची. मोठी झाल्यावर मावशीनं तिच्या गळ्यात घंटी बांधली. मग कळप तिच्या मागे जाऊ लागला आणि ती मावशीच्या. रस्ता ओलांडायचा असो, पाण्यात उतरायचं असो, मावशी नुसती पुढे चालायची. तिचा मुलगा मागून कितीही ओरडला तरी मेंढ्या त्याचं ऐकायच्या नाहीत, घंटीचं ऐकायच्या.

"घंटीवालीला काय झालं न्हाई ना?" मी फोनवर विचारलं.

"अजून उभी हाय," भाऊ म्हणाला. त्या 'अजून' मुळे मी दुसऱ्या दिवशी निघाले.

झालं होतं ते असं. दर वर्षी थंडीत हा कळप खाली गोदावरीच्या अंगाला, चकलांब्याच्या शिवारात उतरतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत येतो. यंदा मावशीचे गुडघे चालेनात. भावानं तिला सांगितलं, "कावून जाती एवढ्या लांब? हितंच ऱ्हा. बाग ताणावर सोडलीय, पानगळ खातील, खत बी पडंल." भावाची डाळिंबाची बाग आहे. पुढच्या बहाराआधी झाडांचं पाणी तोडतात, पानं गळू देतात, त्याला ताण म्हणतात. सगळी बाग गळलेल्या पानांनी भरली होती आणि बाहेर माळावर गवताची काडी नव्हती. चांगुलपणानं दिलेला चारा होता तो. मी हे मुद्दाम लिहिते आहे कारण पुढे जे बोलणं झालं त्यात चांगुलपणाचा कुणी उच्चार केला नाही.

महिने गेले. मेंढ्या धष्टपुष्ट दिसत होत्या. मग वैशाख लागला आणि एकेक मेंढी खाणं सोडून बाजूला उभी राहू लागली. डोळे पिवळे. लघवी कोऱ्या चहासारखी. दोन दिवसांत आडवी. तालुक्याहून जनावरांचे डॉक्टर आले, एक मेलेली मेंढी त्यांनी फाडून बघितली. मूत्रपिंडं काळी पडलेली, काळीज, म्हणजे यकृत, पिवळं. ते म्हणाले, तांब्याची विषबाधा दिसते. आणि सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, "बागेवर मोरचूद मारता का हो?"

डाळिंबावर तेल्या नावाचा रोग पडतो. तेल्यावर मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून फवारतात, सगळेच फवारतात. मोरचूद म्हणजे तांबंच. शिवाय भावानं आणखी एक केलं होतं. शेततळ्यात शेवाळ माजलं आणि ठिबकच्या नळ्या तुंबू लागल्या, म्हणून त्यानं मोरचुदाची पुरचुंडी बांधून तळ्यात सोडली होती. विहीर आटल्यावर मेंढ्या त्याच तळ्याचं पाणी पीत होत्या. डॉक्टरांचं एक वाक्य झालं आणि मावशीच्या मुलानं भावाशी बोलणं टाकलं. दोघं एका वर्गात शिकलेले, एकमेकांच्या पाठीवर बसून ओढा ओलांडलेले.

मी पोचले तेव्हा कळप बागेतून काढून लिंबाखाली जाळीच्या वाघुरात कोंडला होता. मावशीचा मुलगा मला बघून उठला, पण 'ताई' म्हणाला नाही. मावशीच बोलली, "आलीस का गं बाय. पानी पी आदी." आणि मग, माझ्या पिशवीकडे बघत, "हेच का ते तुझं मणी?" घंटीवाली तिच्याजवळच उभी होती. मी तिच्या डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली. पिवळसर होती. मावशीला माझं तोंड वाचता येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बांधावर लोणच्याच्या रिकाम्या बरण्या मांडल्या. गावातले चारदोन जाणते लोकही आले होते, आपापली मतं तयार ठेवून. एक जण मला म्हणाला, "पोरी, आता दूध का दूध होऊ दे." त्याला वाटत होतं मी न्यायाधीश म्हणून आले आहे. खरं सांगायचं तर मलाही थोडं तसंच वाटत होतं. इतकी वर्षं प्रयोगशाळेत मी दुसऱ्यांच्या कारखान्यांचं, दुसऱ्यांच्या नद्यांचं पाणी तपासत होते. पहिल्यांदाच माझे मणी माझ्या माणसांच्या कामी येणार होते.

पहिल्या बरणीत शेततळ्याचं पाणी. मणी टाकून ढवळले. थोड्या वेळानं ते फिकट निळे झाले, आभाळ पावसाळ्यानंतर होतं तसे. मावशीच्या मुलानं भावाकडे बघितलं. भावानं जमिनीकडे.

दुसऱ्या बरणीत स्वच्छ पाणी घेऊन त्यात बागेतली गळलेली पानं चोळली. पानांवर अजून पांढुरकी निळी पूड होती. ते मणी चांगलेच निळे झाले.

"बघा!" मावशीचा मुलगा म्हणाला. "म्या काय म्हनत हुतो? म्हनं ऱ्हावा हितंच. आमाला काय ठावं तू पाला नव्हं, इख चारायलास बे!"

"म्या माझ्या झाडावर फवारलं, तुझ्या मेंढ्यावर न्हाई!" भाऊ उसळला. "आन तुज्या मेंढ्याचे पाय कशात बुडवतोस तू? ते बी बघू दे ताईला."

मेंढ्यांच्या खुरांना चिखलानं फोड येतात. त्यावर उपाय म्हणून त्यांना मोरचुदाच्या पाण्यातून चालवतात. अर्धं कापलेलं पिंप होतं, त्यात ते पाणी असायचं, आणि मेंढ्या जाता जाता त्यात तोंड घालायच्या. पिंपातलं पाणी मी तिसऱ्या बरणीत ओतलं. मणी गडद निळे झाले. आता भावानं त्याच्याकडे बघितलं.

मग जे सुरू झालं ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. ते दोघं आणि ते जाणते लोक बरण्यांवर वाकले आणि कुणाचा निळा जास्त, कुणाचा कमी, हे बघू लागले. बाजारात कापडाचा रंग बघावा तसे. "ह्याचं फिक्कं हाय, ह्यानं काय मरत असतंय व्हय?" "आवो पर ते रोज पेत होत्या की!" एक जण म्हणाला, "ताई, तुमीच सांगा, मेंढीच्या पोटातलं तांबं कुनाचं?"

"मण्याला तांबं कळतं," मी ओरडले. "ते कुनाच्या घरचं हाय ते कळत नाही! एवढा हुशार मणी अजून कुणी केला नाही!"

ओरडले हे बरंच झालं, ते बरण्यांपासून मागे सरले. मग मी त्यांना सांगितलं. गाय तांबं पचवते, शेळी पचवते, मेंढीला ते जमत नाही. ती ते काळजात साठवत राहते. महिनोन्महिने साठवते, वरून छान दिसते, आणि एक दिवस काळीज ते सगळं एकदम रक्तात सोडून देतं. रक्त फुटतं. लघवीतून जातं ते रक्तच. पानांतलं, तळ्यातलं, पिंपातलं, सगळं एका जागी जमा झालं आहे आणि आता त्याची वाटणी करता येणार नाही.

तेवढ्यात मावशी तिच्या पालातून काहीतरी घेऊन आली. बांबूचं नळकांडं होतं, मेंढ्यांना औषध पाजायचं. तिनं ते माझ्या पुढ्यात ठेवलं.

"यात बी बघ," ती म्हणाली.

"आये, ऱ्हाऊ दे," मुलगा म्हणाला.

"कावून ऱ्हाऊ दे? बघू दे की तिला." ती माझ्यासमोर खाली बसली. "पयली मेंढी सुस्त झाली तवा मला वाटलं जंत झाल्यात. आमी जंतावर मोरचुदाचं पानीच पाजतो. माझी सासू पाजत हुती. सगळ्याला पाजलं म्या. हिला बी."

'हिला' म्हणताना तिनं मागे वळून बघितलं. घंटीवाली तिच्या पाठीशी येऊन उभी राहिली होती.

नळकांडं विसळून ते पाणी मी बरणीत घेतलं. मणी इतके निळे झाले की प्रयोगशाळेत मी ते सगळ्यांना बोलावून दाखवले असते. इथं मला ती बरणी मातीत ओतून टाकावीशी वाटली. ज्यांना न्याय हवा होता त्यांना एकदम आपापल्या घरची कामं आठवली. मावशी त्या निळ्या मण्यांकडे बघत होती. रडली नाही. "लई निळं झालं की गं," एवढंच म्हणाली.

त्या दिवसापासून भाऊ आणि मावशीचा मुलगा पुन्हा बोलू लागले असं लिहायला मला आवडलं असतं. ते एकमेकांशी बोलले ते फक्त माझ्यामार्फत. "त्याला सांग, त्या पाइपाचं तोंड इकडं कर." "त्याला सांग, केलंय."

काम मात्र दोघांनी केलं. तळ्याशिवाय पाणी नव्हतं, म्हणून तळ्याचंच पाणी स्वच्छ करायचं होतं. मी प्रयोगशाळेतून होते नव्हते तेवढे मणी आणले होते. आईनं जुन्या धोतराच्या पिशव्या शिवल्या, त्यात मणी भरले आणि एका निळ्या पिंपात त्या पिशव्या वरपासून खालपर्यंत टांगल्या. वरून तळ्याचं पाणी सोडायचं, खालच्या तोटीतून हौदात घ्यायचं. तोटीच्या पाण्यात मी ताजे मणी टाकले. पांढरेच राहिले. संध्याकाळी टाकले, पांढरे. मला इतका आनंद झाला की मी आईला मिठी मारली, आणि ती म्हणाली, "सोड गं, हात भरल्यात."

मावशीला मी वाटीभर मणी दिले आणि शिकवलं. रोज तोटीच्या पाण्यात थोडे टाकायचे. निळे झाले तर पिशव्या बदलायच्या. पांढरे राहिले म्हणजे तांबं नाही, पाणी खुशाल पाजायचं. तिनं एकदाच ऐकलं आणि मलाच परत म्हणून दाखवलं. "निळं झालं तर हाय. पांढरं ऱ्हायलं तर न्हाई."

डॉक्टरांनी शहरातून एक औषध मागवलं. काही मेंढ्यांना ते लागू पडलं. काहींना नाही. ज्यांच्या काळजानं आधीच बांध फोडला होता त्यांच्यासाठी पाणी कितीही स्वच्छ असून उपयोग नव्हता. हे मी सगळ्यांना सांगितलं होतं. भावाला कळलं. मावशीच्या मुलाला कळलं, कारण तो मला न विचारता माळाच्या कडेला खड्डे खणून ठेवत होता. मावशीनं ऐकलं होतं, पण तिचा सगळा जीव त्या तोटीवर होता. तोटीजवळ बसून ती वाटीत मणी टाकायची, बघायची, आणि घंटीवालीला हाक मारायची, "ये गं बाय, पांढरं हाय, पी." घंटीवाली यायची. तिला प्यायचं नसलं तरी तोंड बुडवायची.

मग एके दिवशी सकाळी ती आली नाही. मी शेतावर गेले तेव्हा मावशी लिंबाखाली बसली होती आणि घंटीवालीचं डोकं तिच्या मांडीवर होतं. गळ्यातल्या घंटीच्या वर काळ्या दोऱ्यात ओवलेली माझ्या मण्यांची माळ होती. एकेक मणी सुईनं भोसकून नीट ओवलेला.

"बघ की गं," मावशी म्हणाली. तिचा आवाज उजळला होता. "काल सांजच्याला बांधली. काल बी पांढरी, आता बी पांढरी. एक मणी निळा न्हाई. तूच म्हनली व्हतीस ना? उतरलं ना तिचं तांबं?"

मेंढीच्या मागच्या पायांखाली माती काळी लाल भिजली होती. मावशीनं त्यावर पाला टाकला होता.

मला त्या क्षणी माझ्या मण्यांचा राग आला. खरंच राग आला, माणसाचा यावा तसा. किती पांढरेशुभ्र दिसत होते ते. मी खाली बसले. मावशीला खोटं सांगायचं माझ्या जिभेवर आलं होतं आणि ते मी गिळलं, कारण तिनं स्वतः नळकांडं आणून माझ्यापुढे ठेवलं होतं. तिच्याशी खोटं बोलणं मला शोभलं नसतं.

"मावशी," मी म्हणाले, "तांबं तिच्या काळजात हाय. मणी भायेर हायेत. त्यांना ते लागतच नाही."

मग तिनं माळ काढली. दोरा दातानं तोडला. पदराचं टोक फाडून त्यात मणी घातले आणि चिंचोक्याएवढी घट्ट पुरचुंडी बांधली. पिंपात आम्ही पिशव्या टांगल्या होत्या, तशीच. तिचं बरोबरच होतं. जिथं तांबं तिथं मणी, हे तिला मीच शिकवलं होतं.

"मावशी, असं नसतं ते," मी म्हणाले.

"इखारी हायेत का?"

"न्हाईत."

"मंग?"

तिनं घंटीवालीची हनुवटी उचलली, जिभेच्या मागे पुरचुंडी सारली, तोंड मिटून धरलं आणि गळ्यावरून वरून खाली हात फिरवला. मोरचूद पाजताना फिरवला असेल तसाच. बाटलीनं दूध पाजताना फिरवला असेल तसाच. बाकीच्या मेंढ्यांना औषध पाजायचं म्हणजे दोन माणसं लागतात, एक धरायला आणि एक पाजायला. घंटीवालीला धरावं लागलं नाही. मावशीच्या हातचं तिनं कधी नाकारलं नव्हतं. उठायची ताकद नव्हती तिच्यात, पण गिळायचं तेवढं तिनं गिळलं.

दुपारपर्यंत ती गेली. मावशीचा मुलगा येऊन उभा राहिला, पाठोपाठ भाऊ आला. दोघांनी मिळून तिला उचललं. या वेळी कुणाला काही सांगायला माझी गरज लागली नाही. "पाय धर," भाऊ म्हणाला, आणि त्यानं धरले.

त्या दिवशी डॉक्टर येणारच होते. त्यांना काळजाचा तुकडा तपासायला हवा होता. मावशीला दूर बसवायचा आम्ही खूप प्रयत्न केला. ती हलली नाही. म्हणाली, "म्या तिला पदराखाली घेतली, शेवटपातुर म्याच बघीन." डॉक्टरांनी फाडलं. काळीज पिवळं होतं, मूत्रपिंडं काळी होती, ते सगळं माझ्या अपेक्षेप्रमाणेच होतं. मग त्यांनी पोटाची पिशवी उघडली आणि चाऱ्याच्या लगद्यातून ती पुरचुंडी बाहेर आली. "हे काय?" डॉक्टरांनी विचारलं. मावशीनं हात पुढे केला आणि त्यांनी ती तिच्या तळहातावर ठेवली.

तिनं गाठ सोडली. मणी पांढरे नव्हते. हिरवट, निळसर, मळकट असा काहीतरी रंग त्यांना चढला होता.

मला माहीत होतं तो चाऱ्याचा रंग आहे. मेंढीच्या पोटात काहीही टाकलं तरी हिरवंच होऊन बाहेर येतं. थोडं तांबंही असेल, नसेल, ते तिथं बसून सांगता येण्यासारखं नव्हतं, आणि असलं तरी त्यानं ती वाचली नसती. मी तोंड उघडलं. मावशीनं मणी बोटानं तळहातावर पसरले आणि उन्हाकडे धरले.

"बघ," ती मला म्हणाली, "धरलं की गं यांनी. आदीच घालाया पायजे हुतं. तू लांब हुतीस, तुला कुटं ठावं असनार."

ती माझी समजूत घालत होती. मी उभ्या उभ्या रडू लागले. भाऊ माझ्याकडे बघत होता, मावशीचा मुलगा खड्ड्याकडे चालला होता. मावशीनं घंटी सोडून कमरेला खोचली. मग ते मणी पदरात पुसले, एकेक करून, आणि माझ्या हातावर ठेवले.

"धुवून घे," ती म्हणाली. "दुसऱ्या कुनाच्या पान्याला होतील."